सुवेरातला पंप

"पंप घरात ठेवू नका, बाई. इंजिनाकडं जायचा चोर तुमच्या दारात यील."

गोजरबाई हे म्हणाली तेव्हा माझी तारा तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथी पडली होती आणि ती तिच्या पाठीला तेल चोळत होती. मी समोर बसून होते. तेल डोळ्यांत जाईल, पाय सटकेल, गोजरबाईच्या हातातलं कडं लागेल, असलं काही ना काही माझ्या मनात चालूच असतं. चोर मात्र तेव्हा मनात नव्हता. मी म्हटलं, "पेटीला कुलूप आहे गोजरबाई. चांगलं जालन्याहून आणलेलं."

"कुलूप लावलं की तं लोकाला कळतं, आत कायतरी हाय म्हणून."

"मग काय उघडी ठेवू?"

"ठेवूच नका म्हणते मी. लेकराचं घर हाय." तिनं ताराला उताणी केली, चिमटीत धरून तिचं नाक ओढलं, आणि बोलणं तिथंच संपलं. मी हसले. अमरावतीच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकल्यावर अशा बोलण्यावर हसण्याची सवयच लागते.

पंप कसला ते सांगते. माझे यजमान, भालचंद्रराव, निजामाच्या राज्यात सडका बांधायच्या खात्यात ओव्हरसियर आहेत. या अठ्ठेचाळीस सालच्या संक्रांतीपासून त्यांचं काम अंबडहून शहागडला जाणाऱ्या सडकेवर आहे. शहागडच्या अलीकडे, सडकेच्या कडेला, दोन खोल्यांचं मातीच्या भिंतींचं घर आम्हाला दिलेलं. समोर मुरमाचे ढीग, खडी फोडणाऱ्यांच्या झोपड्या, आणि मधोमध सडक दाबायचा, वाफेवर चालणारा रूळ. सगळे त्याला इंजिनच म्हणत. पुढं एक लोखंडी चाक, मागं दोन, वर धुराडं. तो उचलून नेईल असा चोर जन्माला यायचाय, असं हे म्हणायचे. पण चोरांना लोखंड नको असतं, पितळ हवं असतं. निजामाच्या राज्याची सरहद्द बंद झाली, आत माल येईना, तेव्हापासून पितळेच्या भांड्यालासुद्धा लोक जपायला लागले होते. भोकरदनकडच्या एका कामावर भर दुपारी, माणसं भाकरी खायला बसली असताना, इंजिनाची शिट्टी आणि पाण्याचा पंप गेला. तिथलं इंजिन आजही तसंच उभं आहे म्हणतात, आणि तिथले ओव्हरसियर घरी बसलेत.

हा पंप हातभर लांब, पिवळाधमक, आणि ताराहून जड. बॉयलरमध्ये पाणी चढवायचं काम त्याचं. तो नसेल तर इंजिनात जाळ घालता येत नाही. नवा आणायचा तर विलायतेहून मुंबई आणि मुंबईहून इकडे. म्हणजे यंदा नाहीच. म्हणून खात्याच्या मोठ्या साहेबांचा हुकूम आला: दिवसाचं काम संपलं की पंप सोडवायचा आणि ओव्हरसियरच्या घरी ठेवायचा.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला कडूबा तो गोणपाटात गुंडाळून आणायचा. कडूबा कामावरचा पहारेकरी, गोजरबाईचा नवरा. दारात उभा राहून म्हणायचा, "घ्या बाई, तुमचं थोरलं." मी ते थोरलं पेटीत ठेवायची, कुलूप लावायची, किल्ली मंगळसूत्रात अडकवायची. पेटी कोनाड्यात मावत नव्हती म्हणून पाळण्याखाली असायची. सकाळी इंजिनाचा ड्रायव्हर रामकिसन यायचा आणि पंप घेऊन जायचा. तो आधी जालन्याच्या जिनिंगमध्ये बॉयलरवर होता. इंजिनाला हात लावायच्या आधी आंघोळ, मग नारळ, मग जाळ, असा त्याचा क्रम. मी एकदा म्हटलं, रोज नारळ कशाला, तर म्हणाला, "वाफ हाय वैनी. तिची मर्जी सांभाळावी लागते. जिनिंगमधी एकदा मर्जी गेल्ती, दोघं भाजले."

मग एके दुपारी भुजंग आला.

तो भुजंग हे मला नंतर कळलं असं नाही, त्यानं स्वतःच सांगितलं. खांद्यावर रिकामं पोतं, पांढरा स्वच्छ सदरा. "ताईसाहेब, मोड हाय का घरात? फुटकं पितळ, तांबं?" मी नाही म्हटलं. "मंग पाणी तं असंल." पाणी दिलं. पिता पिता त्याची नजर पाळण्यावर गेली, आणि पाळण्यावरून खाली.

"पोरगी का? झोपली बराबर." मग म्हणाला, "पाळण्याखाली पेटी ठेवू नये ताईसाहेब. उठता-बसता पाय लागतो."

"बरं," मी म्हटलं.

तांब्या त्यानं विसळून पालथा घातला. "भुजंग म्हणत्यात मला. शहागडच्या बाजारात कुणालाबी पुसा." आणि रामराम करून गेला. सभ्य माणूस. मी दाराला कडी घातली, काढली, पुन्हा घातली. संध्याकाळी यांना सांगितलं तर म्हणाले, "मोड घेणारा माणूस मोडच मागणार, सरोज. फुलं मागेल का?"

त्यानंतर चार-सहा दिवसांनी, सकाळी राख टाकायला घरामागं गेले, तर भिंतीला भगदाड. आरपार नव्हतं. कोपरापर्यंत हात जाईल एवढं उकरलेलं, खाली ओल्या मातीचा ढिगारा. भिंतीत दगड लागला होता म्हणून थांबलं असावं. मी तिथं उभी राहून अंदाज घेतला. या बाजूनं पुढं गेलं की पाळणा. दुसरं काही नाही, नेमका पाळणा.

"कुत्र्यानं उकरलं असेल," हे म्हणाले.

"कुत्रं पहार घेऊन येतं का?"

हे सायकल काढून अंबडला गेले आणि पोलीस चौकीच्या अमीनसाहेबांना घेऊन आले. अमीनसाहेबांनी भगदाडात वेताची छडी घालून पाहिली, चहा घेतला, विचारलं, "चोरी क्या हुई?" हे म्हणाले, अजून झाली नाही. "तो फिर शिकायत किस बात की, ओव्हरसियरसाहब? जब होगी तब बुलाना." जाताना ताराच्या गालाला बोट लावून गेले. मी तो गाल नंतर पुसला.

यांनी भगदाड दगड-मातीनं बुजवलं. पंप मात्र त्या संध्याकाळीही आलाच. "हुकूम आहे," हे म्हणाले. "घरी ठेवला नाही आणि गेला, तर नोकरी जाईल आणि कडूबा पहिला आत जाईल." मी पाळणा दुसऱ्या भिंतीकडे नेला. मग वाटलं, तिथंही मागं शेतच आहे. तिसऱ्या भिंतीला चूल. चौथीला दार. तारा सारखी रडत होती, पाळणा सारखा इकडून तिकडे नेल्यानं तिला झोप लागेना. शेवटी मी तिला मांडीवर घेऊन पेटीवरच बसून राहिले.

रंगपंचमीला गोजरबाईच्या झोपडीत तिची लेक नंदा बाळंत झाली. पहिलटकरीण, विशीच्या आतली, सासर राजूरला. मुलगा झाला. मी डिंकाचे लाडू घेऊन बघायला गेले. दाराशी लिंबाचा टहाळा, उंबऱ्यावर आडवा विळा, आत शेकोटीचा धूर. कडूबा बाहेर बाभळीखाली बसला होता, पोराचं तोंड अजून बघितलेलं नाही आणि चेहऱ्यावर हसू मावत नाही. रामकिसन पाण्याची गाडी घेऊन आला तो लांबून वळसा घालून गेला. खडीवाल्यांची पोरं खेळता खेळता त्या दाराजवळ आली की आपोआप मागं फिरत. विळा ओलांडून आत जायचं ते बाईनंच, आणि बाहेर पडली की तिनं आंघोळ करायची. आतल्या वस्तूला कुणी शिवायचं नाही. सुवेर.

मी आत नंदाजवळ बसले होते आणि माझं तिच्या बाळाकडे लक्ष नव्हतं. मी तिच्या बाजेखाली बघत होते. तिथं अंधार होता, राखेचं टोपलं होतं, आणि हातभर जागा होती.

पंप इथं बाजेखाली ठेवू या, असं मी गोजरबाईला सांगितलं.

"तुमच्या लेकराजवळ नको म्हणलं का तुमच्या मनानं, आन् माझ्या लेकीच्या लेकराजवळ चाललं?"

"इथं कुणी यायचंच नाही गोजरबाई. माझ्या घरात कुणीही येतो. पाणी मागत येतो."

"ते बी खरंच."

"आणि पंप गेला तर आधी कडूबाला धरतील."

हे मी बोलायला नको होतं की होतं, अजून ठरत नाही. गोजरबाईनं पदरानं तोंड पुसलं. बाजेवरून नंदाच म्हणाली, "आण की वो माय. बाई लईच सुकून राह्यल्या. मला काय, एकाला पाजायचं आन् दुसऱ्याला नुसतं निजवायचं."

त्या संध्याकाळी कडूबानं पंप उंबऱ्याबाहेर ठेवला, गोजरबाईनं आत ओढला, नंदाच्या बाजेखाली सरकवला. नंदानं वाकून त्याच्या पितळेला काजळाचा ठिपका लावला. "नजर नको लागायला. थोरला गोरा हाय." मी खूप दिवसांनी हसले. घरी येऊन गार पाण्यानं आंघोळ केली आणि ताराला जवळ घेऊन गाढ झोपले.

सकाळी रामकिसन पंप घ्यायला आमच्या दारात आला. मी म्हटलं, गोजरबाईकडे आहे. कुठं ते सांगितलं. तो एक पाऊल मागं सरकला.

"सुवेरात ठेवला?"

"ठेवला. पुसून लाव."

"वैनी, ते इंजिनाला न्हाई लागायचं आता."

"म्हणजे?"

"सुवेर फिटू द्या. बाळंतिणीची न्हाणी होऊ द्या, घर सारवू द्या, मंग लावतो. आज लावला आन् वाफेनं दगा दिला, तं मी कुणाला तोंड दाखवू?"

मी त्याला पितळेला विटाळ नसतो म्हणून सांगितलं. पाण्यानं धू म्हटलं. चिंचेनं घास म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि इंजिनाजवळ जाऊन त्याच्यावर गोणपाट टाकलं. खडीवाल्यांनीही तेच म्हटलं. सोनूबाई म्हणून त्यांच्यातली एक म्हातारी होती, ती मलाच समजावून गेली: "बाई, शिकल्या हायसा, पर ठिवताना कुणाला पुसायचं तरी."

हे दुपारी घरी आले ते टोपी न काढताच बोलायला लागले. "सडकेवर मुरूम पसरलाय. पाणी मारलंय. आणि इंजिन सुवेरात. पाडव्यानंतर मोठे साहेब बघायला येतायत. त्यांना काय सांगू, इंजिनाला सोयर आहे?"

"तुम्ही लावा पंप. इंजिन तुम्ही चालवा."

"मी चालवीन. पाणी कोण टाकेल? लाकडं कोण घालेल? त्याच्यापुढं एक माणूस उभा राहणार नाही."

"मग राहू दे बारशापर्यंत. चोराच्या हाती तर लागत नाही."

यावर ते बसले आणि टोपी काढली. खरं होतं ते. इंजिन उभं होतं, बैलगाड्या सैल मुरमातून धक्के खात, शिव्या घालत जात होत्या. पण पंप सुखरूप होता. त्या दिवसांत मी रोज दोन-तीनदा नंदाकडे जायची, रोज दोन-तीनदा आंघोळ करायची. माझे केस वाळत नव्हते. नंदा म्हणायची, "बाई, पंपाला बघायला येता का मला?" मी म्हणायची, "दोघांना." ती म्हणायची, "खोटं बोलता बी येत न्हाई तुमाला."

अशाच एका दुपारी मी दारात ताराला भात भरवत होते. गोजरबाई नदीवर धुणं घेऊन गेलेली, कडूबा सडकेच्या दुसऱ्या टोकाला. आणि मला पांढरा सदरा दिसला. नंदाच्या झोपडीसमोर.

ताराला तशीच खरकटी कडेवर मारून मी धावले. भुजंग उंबऱ्यापासून दोन हात अंतरावर उभा होता. चपला काढलेल्या. त्याच्याबरोबर एक आडदांड माणूस होता, तो जमिनीकडे बघत उभा. आतून नंदाचा आवाज येत होता, "कोण हाय? आई घरी न्हाई. मी बाळंतीण हाय."

"ठाऊक हाय पोरी," भुजंग म्हणाला. "आम्ही काय आत येऊन राह्यलो का?" मग त्याला मी दिसले. "या ताईसाहेब. पेटी हलवली म्हणा की पाळण्याखालची. बरं केलं."

"काय पाहिजे तुम्हाला?"

"आत्ता काय न्हाई. आमच्याबी घरात देव हाय, लेकरं हायेत. सुवेरातली चीज न्हाई उचलणार." त्यानं पोत्यातून गुळाचा खडा काढला आणि विळ्याच्या अलीकडे ठेवला. "बाळंतिणीला द्या. सुवेर फिटू द्या, मंग येतो. घाई न्हाई बिलकुल."

चपला घातल्या आणि दोघं गेले.

हे मी यांना सांगितलं, अमीनसाहेबांना सांगा म्हटलं. ते गेलेही. अमीनसाहेबांनी विचारलं म्हणे, की गूळ दिला हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो.

त्यानंतर त्या कामावरचा प्रत्येक माणूस एकाच दिवसाची वाट बघत होता. रामकिसन इंजिनाच्या पट्ट्या पुसत होता, नारळ आणून ठेवला होता. हे मोठ्या साहेबांच्या येण्याकडे डोळे लावून होते. गोजरबाई बारशाच्या घुगऱ्या करायला हरभरे निवडत होती. आणि कुठंतरी शहागडच्या बाजारात भुजंगही बोटं मोजत असणार. मला एकटीलाच तो दिवस यायला नको होता. एवढं चांगलं कुंपण आणि त्याला बारशाचं फाटक.

मी यांना म्हटलं, "त्या दिवसापासून पंप रोज संध्याकाळी पुन्हा आपल्याकडे येणार?"

"हो."

"मी तारासकट त्या घरात राहणार नाही."

"मग कुठे ठेवू सरोज, डोक्यावर?"

"तुम्ही हसण्यावारी नेताय."

"मी हसत नाहीये," हे म्हणाले, आणि खरंच हसत नव्हते. ते भिंतीच्या बुजवलेल्या जागेकडे बघत होते.

बारशाच्या आदल्या दिवशी मी बाळासाठी शिवलेलं झबलं घेऊन नंदाकडे गेले. दाराशी विळा नव्हता. आत गोजरबाई एकटीच, गुडघ्यांवर बसून जमीन सारवत होती. बाज उभी करून भिंतीला टेकवलेली. बाजेखालच्या राखेत एक लांबट खळगा होता आणि त्यात काही नव्हतं.

"नंदा?"

गोजरबाईनं हात थांबवला नाही. "गेली. सासरा आल्ता, धर्मराज. बारशाला म्हणून गाडी घेऊन आल्ता, तर हिनंच हट्ट धरला, आत्ताच चला म्हणून. झुंजूमुंजू व्हायच्या आत निघाले."

"ओली बाळंतीण? एवढ्या लांब, गाडीतून? आणि तुम्ही जाऊ दिलं?"

"तुमी ठिवून दिलं, तवा मी अडवलं का?"

मी उंबऱ्यात बसले.

मग तिनंच सांगितलं. पंप नंदानं बाळाच्या दुपट्यांत गुंडाळून गाडीत आपल्या उशाला घेतला होता. सासऱ्यालाही सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी निरोप होता. "म्हणली, हितं ठिवला तं आईला मारतील, बाईंच्या घरी ठिवला तं तारीला. माझ्या सासरी सव्वा महिना सुवेर पाळत्यात, सासू लई कडक हाय. तवर कुणाच्या बापाची हिंमत न्हाई शिवायची. सव्वा महिन्यानं आणून देते म्हणावं, बाईंना. निवांत झोपा म्हणावं."

निवांत झोपा.

दुसऱ्या दिवशी भुजंग आला. बोलल्याप्रमाणे, सकाळच्या वेळी, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून. बाळ नसलं तरी गोजरबाईनं घुगऱ्या केल्या होत्या; त्यांचा द्रोण त्यानं घेतला, खाल्ला. सारवलेल्या झोपडीत डोकावला, मोकळी बाज बघितली. मग माझ्या दारात आला. मी पेटी ओढून अंगणात आणली आणि कुलूप काढून झाकण उघडलं. आत ताराच्या टोप्या होत्या.

"राजूरला गेली म्हणा की," भुजंग म्हणाला. नंदाचं सासर कुठलं हे त्याला सांगायची कुणाला गरज नव्हती, ते सगळ्या कामावर माहीत होतं. "शहाणी पोरगी हाय. तिकडं सव्वा महिना पाळत्यात, ठाऊक हाय मला." त्यानं द्रोण नीट दुमडून कचऱ्यात टाकला. "चतुर्थीला राजूरच्या गणपतीला आम्ही जातोच ताईसाहेब. दर्शन बी होईल."

मग सगळं फार भराभर घडलं. पंप जागेवर नाही हे अमीनसाहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं, आणि आता त्यांच्या दृष्टीनं चोरी झाली. कडूबाला त्यांनी अंबडलाच राहून रोज सकाळ-संध्याकाळ चौकीत हजेरी द्यायला लावली. नंदाला सावध करायला तो राजूरला जाणार कसा? साहेब पाहणीला येणार म्हणून यांनाही काम सोडता येईना. यांनी मोठ्या साहेबांना कळवलं की पंप सुरक्षित आहे, सव्वा महिन्यात बसेल. कुठं आहे ते लिहिलं नाही. लिहून काय लिहिणार होते? आणि मला, तारासकट, जालन्याच्या मोटारीत बसवून सरहद्दीपलीकडे इकडं माहेरी, देऊळगावराजाला पाठवून दिलं. मोटारीतून येताना मी जालन्यापर्यंत प्रत्येक बैलगाडीत वाकून बघत होते. शेजारची बाई म्हणाली, "काय हरवलं का बाई?"

इथं येऊन आता महिना होत आला. तारा धरून उभी राहायला लागली आहे. मी तिला धरून उभी करते आणि कान मात्र जालन्याच्या सडकेकडे. गाड्या आल्या की जाऊन विचारते. राजूरकडची गाडी अजून एकही नाही. पत्र टाकावं तर नंदाला वाचता येत नाही, ते दुसरं कुणी वाचणार आणि मोठ्यानं वाचणार. मग सगळ्या राजूरला कळेल बाजेखाली काय आहे ते. माझ्या भावावर निजामाच्या राज्यात वॉरंट आहे, त्याला पाठवता येत नाही. मी स्वतः ताराला घेऊन करोडगिरीच्या, म्हणजे सरहद्दीवरच्या जकातीच्या, नाक्यापर्यंत गेले होते. शिपायानं नाव, काम विचारलं. मी म्हटलं, बाळंतिणीला भेटायचंय. तो म्हणाला, लेकरू घेऊन असल्या दिवसांत? घरी जा बाई. आणि तारा तेव्हाच इतकी रडायला लागली की मी परत फिरले.

यांचा एक निरोप आला होता, एका व्यापाऱ्याच्या तोंडून: इंजिन उभंच आहे, रामकिसन रोज नारळ ठेवतो, कडूबा वाळून चाललाय, काळजी करू नको. नंदाचं त्यात काहीच नव्हतं. ती पोचली की नाही हेच कुणी सांगत नाही. ओली बाळंतीण, धक्के खाणारी गाडी, उशाला तेवढं पितळ. पोचली असेल. पोचली असणार. सासू कडक आहे म्हणाली होती.

सव्वा महिना अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पुरा होतो. दुसऱ्याच दिवशी चतुर्थी.

इकडच्या गावांतून तुमच्यातले बरेच जण या दिवसांतही, नाका चुकवून का होईना, राजूरच्या गणपतीला जाता हे मला माहीत आहे. आमच्याच आळीतले जातात. यंदा गेलात तर, आणि शक्य असेल तर चतुर्थीच्या दोन-चार दिवस आधीच जा, देवळाच्या बाजूला धर्मराज म्हणून गाडीवाला शेतकरी कुठं राहतो ते एखाद्या बाईला विचारा. पुरुषाला विचारू नका. तुमच्याबरोबर घरातली बाई असेल तर तिला आत पाठवा, बाळंतिणीला बघायला म्हणून. नंदा नाव. सावळी, बोलकी, हनुवटीवर गोंदणाचा एक ठिपका. बाळ अंगावर पितं का बघा, तिला ताप नाही ना बघा. मग कुणी नसताना तिच्या कानात सांगा: बाईंनी सांगितलंय, भुजंग आला तर पंप देऊन टाक. उंबऱ्याबाहेर ठेव आणि दार लावून घे. अडवू नकोस, बोलू नकोस. नोकरी जाईल ती माझ्या घरातली जाईल, कडूबाचं हे बघून घेतील, तसं निघतानाच मी यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

ती ऐकणार नाही. उलट काहीतरी बोलेल आणि हसेल. तरी सांगा.

आणि ती तिथं नसलीच, धर्मराजाची गाडी त्या दिवसापासून घरी आलीच नाही असं कुणी म्हणालं, तर तसंच्या तसं येऊन मला सांगा. देऊळगावराजात कुणालाही विचारा, लेकरू कडेवर घेऊन जालन्याच्या सडकेवर उभी असते ती बाई. पण आधी बघून या.